शॉर्टवेव्हवर ऐकलेली ती बाई कोणत्या भाषेत बोलत होती?

कातळसडा | शुक्रवार, रात्री १०:१२

मंडळी, पस्तीसेक वर्षांपूर्वीचं एक कोडं आहे. इथल्या रेडिओवेड्यांपैकी कुणाला सुटतंय का बघा.

साल १९८८. मे महिन्याची सुट्टी, गुहागर तालुक्यातलं आजोळ. माजघरात फळीवर आजोबांचा मर्फी, व्हॉल्व्हवाला. बटण फिरवलं की आधी काचेमागचा दिवा लागायचा, मग मिनिटभर काहीच नाही. मग तापलेल्या धुळीचा वास यायचा आणि त्या वासामागून आवाज. एरियल म्हणजे पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी. आजी तिच्यावर ओली फडकी टाकायची आणि आजोबा ओरडायचे.

रेडिओवर पहिला हक्क अर्थातच आजोबांचा. पावणेनऊच्या दिल्लीच्या हिंदी बातम्या. त्या जागी काचेवर त्यांनी आजीच्या कुंकवाचा ठिपका लावून ठेवला होता. नऊला बातम्या संपल्या की "काटा परत ठिपक्यावर आणून ठेव" एवढं बजावून ते झोपायला जायचे. तिथून साडेनऊपर्यंत, म्हणजे आजी दिवा मालवेपर्यंत, रेडिओ माझा.

मी बॅंड बदलून शॉर्टवेव्हवर जायचो. तिथं २५ मीटरच्या आसपास ही बाई सापडायची. आवाज खणखणीत, बोलणं संथ. बातम्याच असाव्यात. "हबारी" हा शब्द पुन्हा पुन्हा यायचा. "दुनिया" तर स्वच्छ ऐकू यायचं, म्हणून आधी वाटलं की उर्दूच असणार; पण पुढचं अक्षरही कळायचं नाही. काही शब्द ओठ मिटूनच सुरू व्हायचे. म्तु, म्जी, असलं काहीतरी. कानात इतके बसले की मी मामेभावाला त्या भाषेत शिव्या द्यायचो (म्हणजे मी त्यांना शिव्या ठरवलं होतं).

वैताग एकच. दहा-पंधरा मिनिटांनी काटा सरकायचा आणि रेडिओ सिलोन घुसायचं. हिंदी गाणं सुरू. मग मी केसाएवढा काटा हलवत बाईला शोधत बसायचो आणि ती सापडायच्या आत आजी दिवा मालवायची.

कोणती भाषा असेल? आणि तुम्हीही असं न कळणारं काही ऐकत होतात का?

---

खरखर | रात्री १०:४०

हबारी म्हणजे अखबारातली खबर. अरबी, दुसरं काय! बीबीसीचं "हुना लंदन" ऐकलं होतं का? म्हणजे "हे लंडन आहे". १९३८ मध्ये बीबीसीने परकी भाषा म्हणून सुरुवात केली ती अरबीनेच. २०२३ च्या जानेवारीत ती रेडिओसेवा बंद झाली.

---

सात_मेगाहर्ट्झ | रात्री ११:०५

खरखर, घाई करू नका. अरबीत "म्तु" असं ओठ मिटून शब्द सुरू होत नाहीत.

कातळसडा, वेळ आणि बॅंड सांगितलात हे उत्तम. २५ मीटर म्हणजे साधारण ११.६ ते १२.१ मेगाहर्ट्झ. मे महिन्यात रात्री नऊला हा बॅंड मस्त उघडा असतो. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला 'डी' थर खालच्या फ्रीक्वेन्सी गिळून टाकतो, म्हणून दिवसा १९, १६, १३ मीटर चालतात. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्या वरच्या 'एफ' थरावर आपटून खाली येतात आणि ३१, ४१, ४९ मीटर जागे होतात. २५ मीटर हा मधला गडी, संध्याकाळ आणि रात्र दोन्हीकडे पाय ठेवून असतो. त्यातून १९८८-८९ म्हणजे सौरडागांचं चक्र वर चढत होतं. अकरा वर्षांत एकदा अशी चंगळ. त्यामुळे स्टेशन हजारो किलोमीटरवरचंही असू शकतं.

आवाज स्थिर होता की लाटेसारखा येत-जात होता?

---

कातळसडा | रात्री ११:२१

स्थिर. सिलोनइतका दणदणीत नाही, पण मॉस्कोसारखा डुचमळतही नसे.

---

चिंगी | शनिवार, सकाळी ८:१५

एक बाळबोध प्रश्न, रागावू नका. भाषा कळतच नव्हती तर ऐकत काय होता तुम्ही सगळे? मी २००१ ची. आमच्या घरी रेडिओ म्हणजे गाडीतला.

---

सात_मेगाहर्ट्झ | सकाळी ९:००

चिंगी, बातम्या ऐकायच्या नसतातच त्या. सुरुवातीला खूण ऐकायची असते. दर तासाला, अर्ध्या तासाला कार्यक्रम सुरू होण्याआधी प्रत्येक स्टेशन आपली एक धून वाजवत राहायचं, ऐकणाऱ्याला काटा जुळवता यावा म्हणून. रेडिओ ऑस्ट्रेलियावर कुकाबुरा पक्षी खदाखदा हसायचा. व्हॅटिकनवर 'क्रिस्तुस विन्चित'ची धून. पेकिंगवर 'पूर्व लाल आहे'. लंडनला बिग बेनचे ठोके. मी आठवीत असताना फक्त धुनीवरून पंधरा-सोळा देश ओळखायचो. भूगोलात मात्र पस्तीस मार्क, तेही शंभरातले.

मग हळूहळू भाषांचा पोत कळायला लागतो. रशियनमध्ये "गवरीत मस्क्वा" म्हणजे "मॉस्को बोलत आहे". फारसीत "ईंजा लंदन अस्त". व्हिएतनामी कुणीतरी तारेवर नखं फिरवल्यासारखी. जपानी बातमीदार वाक्य संपवताना "मास" "मास" करतो. अर्थ शून्य, ओळख पक्की. बसमध्ये रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव माहीत नसतं, पण तो आला नाही की चुकल्यासारखं होतं, तसं काहीसं.

---

इसारकाठ | दुपारी १:३०

चिंगी, काही जण कळेपर्यंत ऐकत राहतात. मी त्यातली.

१९९० च्या दशकात सांगलीत बसून डॉइच वेले या जर्मन रेडिओवर 'डॉइच, वारुम निख्त?' हा जर्मन शिकवणारा कार्यक्रम ऐकायचे. आंद्रेआस नावाचा पत्रकारितेचा विद्यार्थी हॉटेलात दरवानाची नोकरी करतो आणि त्याच्यासोबत एक्स नावाची कुणालाही न दिसणारी बया असते. ती मध्येच काहीतरी आगाऊ बोलते आणि हॉटेलातल्या पाहुण्यांना वाटतं हाच बोलला. व्याकरण शिकवायला भूत नेमणारे जर्मन, हे मला फार आवडलं. पत्र पाठवल्यावर कोलोनहून पुस्तकं आली, फुकट. पोस्टमनने ती देताना सही घेतली आणि विचारलं, "तिकडं लग्न ठरलं का?"

आवाज इतका स्वच्छ कसा यायचा ते नंतर कळलं. डॉइच वेलेचं एक प्रक्षेपण केंद्र श्रीलंकेत त्रिंकोमालीला होतं. कार्यक्रम कोलोनचा, पण लहर येणार शेजारच्या बेटावरून. म्हणजे आवाज जवळचा आहे यावरून देश ठरवू नका. कातळसडा, तुमच्या बाबतीतही हे लक्षात ठेवा.

आता म्युनिकला सतरा वर्षं झाली. माझ्या जर्मनमध्ये अजून तो रेडिओचा संथपणा आहे. मुलगा चिडवतो, "आई, तू बातम्या दिल्यासारखी भाजी मागतेस."

---

वऱ्हाडी_ठेचा | दुपारी २:१०

पोस्टमनवरून आठवलं. आमी अकोल्याले राहून रिसेप्शन रिपोर्ट पाठवाचो. पाच आकडे असत त्याले, सिनपो म्हणत. सिग्नल किती जोरात, दुसऱ्या स्टेशनाची घुसखोरी किती, खरखर किती, आवाजाची चढउतार किती अन् एकंदर कसं. ५५५५५ म्हणजे राजेशाही, १११११ च्या पुढं काही लिवाचं कारणच नाई. रिपोर्ट बरोबर निंगाला की स्टेशनवाले क्यूएसएल कार्ड पाठवत, तुमी आमाले खरंच ऐकलं याची पावती.

भाषा न कळता रिपोर्ट कसा लिवाचा? मी लिवाचो: "२०:३४ ला पुरुष बोलला. २०:३६ ला बाई बोलली. २०:३९ ला बासरी. २०:४१ ला तोच पुरुष, पण आता रागात." रुमानियावाल्यायनं तेवढ्यावर कार्ड देल्लं! मॉस्कोवाल्यायनं तर कॅलेंडर अन् बिल्ले. रशियन तिकिटं पाहून गल्लीत मले दोन वर्षं "कॉम्रेड" म्हणत. बाप जनसंघाचा. घरात काय झालं असंन, समजून घ्या.

---

म्हादयकाठ | संध्याकाळी ५:४५

आमच्याकडे गोष्ट उलटी होती. गोव्यात परकी भाषा रेडिओवर नव्हे, कचेरीत होती. आमचे आजोबा (डिचोलीचे, मराठी शाळेत शिकलेले) पोर्तुगीज रेडिओ ऐकायचे तो कळत होता म्हणून. पण त्यांनी सांगितलेली खरी गोष्ट दुसऱ्याच रेडिओची.

२५ नोव्हेंबर १९५५ पासून एक गुप्त आकाशवाणी सुरू झाली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे ती चालवत. सरहद्दीपलीकडच्या जंगलात, आधी आंबोलीच्या घाटात आणि मग कॅसलरॉकच्या बाजूला, ट्रकमध्ये बसवलेला ट्रान्समीटर. पाऊस, जळवा, साप, आणि बोलायला ही दोन माणसं. कार्यक्रम दोन भाषांत, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. कोंकणी आपल्या लोकांसाठी. पोर्तुगीज कोणासाठी ते सांगायला नको. राज्यकर्त्याला त्याच्याच भाषेत सुनावण्यात वेगळी मजा असते. सहा वर्षं हे चाललं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर त्याच दोघांनी विमानात बसून आकाशातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी दिली. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

आजोबा म्हणायचे, पोर्तुगीज आवाज आला की खिडकी उघडी ठेवायची आणि कोंकणी सुरू झालं की लावायची. पोर्तुगीज ऐकणाऱ्याचा संशय कोण घेणार? तर कातळसडा, परक्या भाषेतला रेडिओ परक्याचाच असतो असं नाही.

---

निवृत्त_मार्कोनी | रात्री ९:३०

धागा उशिरा बघितला. आयुष्यभर हेच केलं. मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर, खलाशी आम्हाला "मार्कोनीसाब" म्हणत. फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर उपग्रहाची नवी व्यवस्था सक्तीची झाली, मोर्स गेलं आणि त्यासोबत आम्हीही.

वॉच संपली की कॅबिनमध्ये शॉर्टवेव्ह. दक्षिण चीनच्या समुद्रात कधी कधी एकाच वेळी पाच-सहा फ्रीक्वेन्सींवर तेच ढोल-झांजांचं संगीत. तासन् तास, निवेदन नाही, काही नाही. पुढं या प्रकाराला लोकांनी 'फायरड्रेक' नाव दिलं. नको असलेलं स्टेशन बुडवायला चीन त्यावर संगीत सोडायचा. सोव्हिएतवाले नुसती घरघर सोडायचे, हे निदान तालात. आणखी एक होतं, इंग्रजी लोकगीताच्या दोन ओळी वाजायच्या आणि मग एक बाई थंड आवाजात पाच-पाच आकडे वाचायची. हेरांसाठी. ते प्रक्षेपण सायप्रसमधून होत असे, २००८ मध्ये थांबलं. आमचा मद्रासी चीफ इंजिनिअर ते आकडे लिहून घेऊन मटक्याला लावायचा. एकदा लागलाही.

कातळसडा, मला एक सांगा. गाणं लागायचं ते दर वेळी साधारण त्याच वेळेला का?

---

कातळसडा | रात्री ९:५२

विचारलंत म्हणून आठवतोय... हो, बहुतेक सव्वानऊच्या पुढेमागे. सिलोनचा तो काहीतरी ठरलेला कार्यक्रम असेल.

---

निवृत्त_मार्कोनी | रात्री ९:५८

असेल. दुसऱ्या कुणाचं मत येऊ दे, मग बोलतो.

---

उंबराखाली | रविवार, सकाळी ७:२०

वाचनमात्र होतो, पण हे वाचून खातं उघडलं.

स्वाहिली!! डोळे मिटून सांगतो. नऊ वर्षं दार-ए-सलामला होतो. हबारी म्हणजे बातमी, आणि भेटल्यावर "काय म्हणता"सुद्धा "हबारी"च. म्तु म्हणजे माणूस. म्जी म्हणजे शहर. दुनिया म्हणजे दुनियाच, अरबीतून तिकडेही गेली आणि आपल्याकडेही आली. शब्द जवळजवळ सगळे स्वरात संपतात, म्हणून ऐकायला गोड लागते. आपलेही शब्द आहेत त्यांच्याकडे: गाडीला 'गारी', चपातीला 'चपाती', दुकानाला 'दुका'. मी पहिल्या दिवशी नोकराणीने "चपाती" म्हटल्यावर तिला मराठी येतं असं समजून पाच मिनिटं मराठीत बोललो.

अवांतर: त्यांचं घड्याळ आपल्या सहा तास पुढं-मागं. दिवस सकाळी सूर्य उगवल्यावर सुरू, म्हणून सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. पहिल्या आठवड्यात मी एका जेवणाला दुपारी एकला जायच्याऐवजी संध्याकाळी सातला उगवलो. "सा" म्हणजे तास, तो शब्दही त्या बातम्यांत येत असणार.

---

कातळसडा | सकाळी ७:४१

"सा"! हो, होता! अंगावर काटा आला राव. म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी मी गुहागरात बसून आफ्रिका ऐकत होतो. आणि मामेभावाला जी शिवी देत होतो तिचा अर्थ "माणूस". आज त्याला फोन करून सांगतो.

पण कुठलं स्टेशन? टांझानिया?

---

खरखर | सकाळी ८:३०

माझं अरबी गेलं पाण्यात. पण "टांझानिया"वरही शिक्का मारू नका. स्वाहिलीत बीबीसी होतं (१९५७ पासून), डॉइच वेले होतं, मॉस्को होतं, पेकिंग होतं. शीतयुद्धात आफ्रिकेच्या कानात बोलायला सगळ्यांची रांग. माझं मत डॉइच वेले, इसारकाठ यांनी सांगितलेल्या त्रिंकोमालीवरून.

---

सात_मेगाहर्ट्झ | सकाळी ९:१०

त्रिंकोमालीहून आफ्रिकेकडे लहर सोडायची झाली तर शक्य आहे. बीबीसीही शक्य. सुरुवातीची धून किंवा शेवटची घोषणा आठवली असती तर प्रश्न मिटला असता.

---

कातळसडा | सकाळी ९:१८

ती कधीच ऐकली नाही ना. नऊच्या आधी आजोबा, साडेनऊनंतर आजी.

---

निवृत्त_मार्कोनी | सकाळी ११:४५

देवपूजा उरकून आलो. आता सांगतो.

१९८६. मोम्बासाच्या गोदीत आमचं जहाज लागलेलं. संध्याकाळी सव्वासहा-साडेसहा, हमालांचा मुकादम पेटीवर बसून ट्रान्झिस्टर ऐकतोय. बातम्या स्वाहिलीत. मी शेजारून जाताना एकदम रफीसाहेबांचा आवाज. मी थबकलो. गाणं संपलं, परत बाई स्वाहिलीत बोलायला लागली. मुकादमाला विचारलं तर माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "युवर रेडिओ."

मोम्बासाला सव्वासहा म्हणजे आपल्याकडे पावणेनऊ. आकाशवाणीच्या विदेश सेवा विभागाची स्वाहिली सेवा. पावणेनऊ ते पावणेदहा, दिल्लीहून. आपली आकाशवाणी १९३९ पासून परक्या भाषांत बोलते आहे, सुरुवात पश्तूने झाली. पुढं अरबी, फारसी, दारी, बर्मी, तिबेटी, चिनी, थाई, इंडोनेशियन, रशियन, फ्रेंच आणि स्वाहिली. आपल्या लोकांना याचा पत्ताच नव्हता, कारण ते आपल्यासाठी नव्हतंच. पण उत्तर हिंदुस्थानातून पूर्व आफ्रिकेकडे सोडलेली लहर नैर्ऋत्येला जाते. कोकण तिच्या वाटेपासून फार लांब नाही, थोडे शिंतोडे उडणारच. म्हणून तुमचा आवाज स्थिर होता.

आणि आकाशवाणीच्या प्रत्येक परक्या भाषेतल्या कार्यक्रमात एक हमखास गोष्ट असायची: बातम्या आणि भाषण झाल्यावर हिंदी सिनेमातलं गाणं. आफ्रिकेत ऐकणारे त्याचसाठी थांबायचे.

काटा सरकत नव्हता हो तुमचा.

---

इसारकाठ | सकाळी ११:५१

अरे देवा.

---

वऱ्हाडी_ठेचा | दुपारी १२:०५

मार्कोनीसाब, ५५५५५!

---

म्हादयकाठ | दुपारी १२:३०

मी काय म्हटलं होतं काल? खिडकी उघडी ठेवा.

---

सात_मेगाहर्ट्झ | दुपारी १२:४४

मान्य. हरलो आणि आनंदाने हरलो. जुन्या नोंदवहीत बघितलं, माझ्याकडेही पावणेनऊला "दिल्ली, आफ्रिकी भाषा?" अशी प्रश्नचिन्हासकट नोंद आहे. कधी छडा लावला नाही, दिल्लीच तर आहे म्हणून. परदेशी स्टेशन असतं तर महिनाभर मागे लागलो असतो.

चिंगी, तुला ऐकून बघायचं असेल तर रेडिओ विकत घ्यायच्या आधी नेदरलँडमधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा वेबएसडीआर उघड. त्यांची एरियल, तुझा ब्राउझर, काटा तू फिरवायचा. स्वतःचा सेट घेतलास तर घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून, गच्चीवर जाऊन ऐक. आजकाल स्टेशनं कमी आणि चार्जरची घरघर जास्त. रेडिओ ऑस्ट्रेलियाचा कुकाबुरा तर जानेवारी २०१७ लाच शॉर्टवेव्हवरून उडाला.

---

कातळसडा | संध्याकाळी ६:१०

दुपारभर सुचत नव्हतं काय लिहावं.

म्हणजे पावणेनऊला आजोबा कुंकवाच्या ठिपक्यावर दिल्ली ऐकत होते आणि त्याच मिनिटाला त्याच दिल्लीत बहुधा त्याच इमारतीत ती बाई स्वाहिलीत बोलायला लागत होती. आजोबा उठायचे आणि मी "लांबचं" काहीतरी शोधायला काटा पळवायचो. बरं, गाणं लागलं की बाई हरवली असं समजून तिला सोडून मीच पुढे जायचो. जागेवर बसून राहिलो असतो तर तीन मिनिटांत ती परत आली असती.

मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे तू मला माणूस म्हणत होतास? आधी सांगायचं ना, मी उगाच मारलं."

---

चिंगी | संध्याकाळी ६:३२

काका, गाणं कुठलं असायचं ते आठवतंय?

---

कातळसडा | संध्याकाळी ६:४०

नाही गं. एकही पुरतं ऐकलं नाही.